सायकल भंगारात घालण्याआधी फूटपट्टी लावा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

सायकलींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, आणि तेव्हापासून आमच्या अंबाजोगाईत ‘जुनी द्या, नवी न्या’ची भाषा वाढली आहे. माझ्याकडं मोटार भरायला येणारे शेतकरीसुद्धा विचारतात, “मामा, लेकराची गेअरची सायकल पडून आहे. दुरुस्त करू का नवी घेऊ?” गेल्या काही महिन्यांत घरातल्याच दोन सायकलींच्या बाबतीत हा प्रश्न माझ्यापुढं आला. एक मी दुरुस्त केली. दुसरीला हात लावायचा नाही, नवीच घ्यायची, असं मीच सांगितलं. दोन्ही वेळा कारण काय होतं ते चार लोकांपर्यंत जावं म्हणून हे पत्र. जागा असेल तर छापावं.

माझा धंदा मोटार भरण्याचा. अठ्ठावीस वर्षं झाली. रब्बीत व्होल्टेज पडलं की विहिरीवरच्या, बोअरच्या मोटारी जळतात आणि माझ्या दारात येतात. शेतकऱ्याचा पहिला प्रश्न असतो, “भरायला किती लागतील?” मी आधी पैसे सांगतच नाही. मोटार खोलतो, जळालेली तार उपसतो आणि स्टॅम्पिंग, म्हणजे ती तार ज्या पत्र्यांच्या थप्पीत बसते ती थप्पी, बघतो. तार जळाली तर जळू द्या, ती नवी घालता येते. पण बेअरिंग जाऊन आत फिरणारा रोटर स्टॅम्पिंगला घासला असेल, पत्र्या एकमेकींना चिकटल्या असतील, तर कितीही चांगल्या तांब्यानं भरा, ती मोटार तापणार आणि पुन्हा जळणार. तिथं मी शेतकऱ्याला नवी घ्या म्हणतो, त्यात माझं गिऱ्हाईक गेलं तरी. सायकलीतलं स्टॅम्पिंग म्हणजे फ्रेम. पैशाचा हिशेब त्याच्यानंतरचा.

पहिली सायकल माझ्या मुलाची. तो अकरावीला गेला तेव्हा, २०१२ साली, लातूरहून आणलेली. लोखंडी फ्रेम, २६ इंची चाकं, पुढं तीन अन् मागं सात चकत्या, पुढं शॉकअप. दोन वर्षं त्यानं ती क्लासला, मुकुंदराजांच्या घाटात, बुट्टेनाथाकडं, सगळीकडं फिरवली आणि शिकायला पुण्याला गेला. नंतर ती माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये, जळक्या तारेच्या पोत्यांमागं उभी राहिली. मागच्या उन्हाळ्यात माझी शुगर वाढली. डॉक्टर चाला म्हणाले, पण उजवा गुडघा चालू देईना, तेव्हा सायकल चालवा म्हणाले. म्हणून ती बाहेर काढली.

दुकानात नेली. दुकानातल्या पोरानं दोन्ही टायर दाबून बघितले, गेअरची तार ओढून बघितली आणि म्हणाला, “काका, छब्बीस आता बंद झाली. हिचे पार्ट मिळत नाहीत. पंधराशे धरतो, नवी घेऊन टाका.” नवी चौदा हजार आणि वर काही रुपये. मी जवळजवळ हो म्हणून घरी आलो होतो.

रात्री मात्र चैन पडेना. गिऱ्हाइकाची मोटार न खोलता मी कधी तिचा निकाल दिला नाही आणि स्वतःची सायकल न बघता देऊन टाकायला निघालो, हे मनाला खात राहिलं. सकाळी तिला दोरीनं आढ्याला टांगली, डिझेलच्या बोळ्यानं फ्रेम पुसून काढली आणि बॅटरी घेऊन बसलो. हँडलखालचे जोड, सीटच्या नळीचे जोड, पायडलच्या पेटीभोवतीचे आणि मागच्या चाकाचे कान, एवढ्या जागा बारकाईनं बघायच्या. रंगाला केसासारखी रेघ आहे का, त्या रेघेतून गंज ओघळला आहे का, रंग फुगला आहे का. सीटचा दांडा निघतो का तेही बघायचं, कारण तो आत गंजून बसला असेल तर काढताना नळीच जाते. माझा निघाला. वरवरचा गंज होता, तडा कुठंच नव्हता. तिथं माझा अर्धा निर्णय झाला.

मग चेन. ही गोष्ट प्रत्येकानं घरी करून बघावी, शाळेतली फूटपट्टी पुरते. सायकलीच्या चेनची एक कडी अर्ध्या इंचाची असते. फूटपट्टीचा शून्य एका पिनच्या मधोमध धरला तर नव्या चेनमध्ये बरोबर बारा इंचांवर दुसऱ्या पिनचा मध्य येतो, चोवीस कड्या मोजून. चेन वापरली की पिना आतून झिजतात आणि ती लांबत जाते. बारा इंचांच्या पुढं ती पिन अर्धा सूत सरकली असेल तर नुसती चेन बदला, बाकीचं वाचतं. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग सरकली असेल, तर त्या लांबलेल्या चेनीनं मागच्या चकत्यांचे दातेही खाल्ले असं धरून चाला. माझी दीड सूत सरकली होती. नुसती नवी चेन टाकली असती तर चढाला जोर लावल्याबरोबर ती दात्यांवरून उडाली असती आणि मी हँडलवर आपटलो असतो. म्हणून चेन आणि फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा अख्खा जुडगा, जोडीनंच घेतले. पुढच्या चकत्या लोखंडाच्या, त्यांचे दाते शाबूत होते, त्या ठेवल्या.

रिमची कडही बघावी लागते. आमच्या बालाघाटातला मुरूम ब्रेकच्या रबरात रुतून बसतो आणि रिम कानसल्यासारखी घासतो. कडेला फूटपट्टी आडवी धरली आणि मधे खोलगट फट दिसली तर ती रिम उतरली समजा. हवेच्या दाबानं अशी रिम एखाद्या दिवशी फाटते. माझ्या दोन्ही सपाट निघाल्या.

टायरमध्ये मात्र मी फसलो. गावात मिळाला नाही म्हणून ओळखीच्या माणसाकडून बाहेरगावाहून ‘सव्वीसचा टायर’ मागवला. आला तोही सव्वीसचाच. रिमवर चढवला तर मनगटात मोठी बांगडी फिरावी तसा सैल फिरायला लागला. चष्मा लावून वाचलं तेव्हा उलगडा झाला. माझ्या जुन्या टायरवर होतं २६×१.९५ आणि नव्यावर २६×१ ३/८. दोन्ही सव्वीस, पण एक दशांशात आणि एक अपूर्णांकात, आणि हे दोन एकमेकांच्या रिमला कधीच बसत नाहीत. टायरच्या अंगावर आणखी एक आकडा बारीक अक्षरांत असतो, खरा तोच. माझ्यावर ५०-५५९, त्याच्यावर ३७-५९०. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा टायर रिमवर जिथं बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. म्हणजे एकतीस मिलिमीटरचा फरक. दुकानदारानं टायर परत घेतला नाही, तीनशे ऐंशी रुपये गेले. आता ५५९ हा आकडा मी पाकिटात लिहून ठेवला आहे. ‘छब्बीस बंद झाली’ यातलं खरं एवढंच, की महागाच्या सायकली करणारे २६ सोडून २७.५ आणि २९ कडं गेले. त्यांचे आकडे ५८४ आणि ६२२, ते टायर माझ्या रिमला चालायचे नाहीत. पण साध्या गेअरच्या सायकली अजून २६ मध्ये विकल्या जातात. तिचे टायर, ट्यूब, रिम मिळतात, फक्त मागणाऱ्यानं नीट आकडा सांगावा आणि देणाऱ्यानं नीट वाचावा.

आता हाताचं काम. बसस्टँडच्या मागं एक चाचा आहेत. मी शाळेत होतो तेव्हापासून ते तिथं पंक्चर काढतात, चाकाचा आऊट काढतात, ओव्हरऑयलिंग करतात. त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. मी सायकल नेली तर चाचा म्हणाले, “गेअरवालीला मी हात लावत नाही भाऊ. बिघडली तर तुमची सायकल जाईल अन् माझं नाव जाईल.” मी म्हणालो, दोघं मिळून करू, बिघडली तर माझी. शुक्रवारी नमाजनंतर ते माझ्या शेडमध्ये आले.

फ्रीव्हील काढण्यातच आमचा तास गेला. हा फ्रीव्हील हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आट्यांनी बसतो आणि प्रत्येक पायडल मारताना आणखी आवळत जातो. चाचांकडचा पाना जुन्या, खाचांच्या फ्रीव्हीलचा. हिला आतून बारा दात्यांचा लागतो, तो मी आधीच मागवून ठेवला होता. आदल्या रात्री आट्यांत डिझेल सोडलं होतं. पाना व्हाइसमध्ये उभा आवळला, त्याच्यावर चाक आडवं बसवलं, समोरासमोर उभं राहून दोघांनी रिम धरली आणि एसटीचं स्टेअरिंग डावीकडं ओढावं तसं ओढलं. दोनदा व्हाइससकट टेबलच सरकलं. तिसऱ्यांदा टेबलावर मोटारीची बॉडी ठेवली आणि ओढलं, तेव्हा ‘कट्ट’ असा आवाज होऊन ते सुटलं. चाचांनी कपाळाचा घाम पुसला आणि हसले. हबच्या आत ग्रीस राहिलंच नव्हतं, मुरमाची काळी पेस्ट झाली होती. दोन सुती छर्रे, एका बाजूला नऊ. पुसून हातावर घेतले तर त्यातले तीन-चार किडक्या हरभऱ्यासारखे खड्डे पडलेले. अ‍ॅक्सलही किंचित वाकला होता. छर्रे सगळेच बदलले, जुन्यात नवे मिसळायचे नसतात, हे बेअरिंगच्या धंद्यात मला माहीत होतं. मग चाचांनी कोन, म्हणजे अ‍ॅक्सलवर छर्रे धरून ठेवणारे शंकूसारखे नट, आवळले. अ‍ॅक्सल दोन बोटांत धरून फिरवायचा, अडकता कामा नये आणि हलताही कामा नये. हे त्यांच्या बोटांना जे कळतं ते माझ्या मायक्रोमीटरला कळणार नाही.

गेअरची सेटिंग मात्र दोघंही नव्यानं शिकलो. मागच्या गेअरच्या यंत्राला दोन बारीक स्क्रू असतात, एच आणि एल. एच हा चेनला सगळ्यात लहान चकतीच्या बाहेर पडू देत नाही, एल मोठ्या चकतीवरून आरांमध्ये जाऊ देत नाही. आधी हे दोन बांध घालायचे, मग तार ओढायची, मग तारेच्या टोकाची नळी पाव पाव आटा फिरवत आवाज ऐकायचा. खरखर थांबली की झालं. चाचा कान लावून बसले होते. असरची अजान झाली तेव्हा सातही चकत्यांवरून चेन न अडखळता खाली-वर जात होती. त्यांनी तीन वेळा स्वतः गेअर टाकून बघितले आणि म्हणाले, “एवढंच होतं? उगाच इतकी वर्षं लोकांना परत लावलं.” ते वाक्य मला लागलं. पुष्कळ सायकली एवढ्याशा भीतीपोटी भंगारात गेल्या असणार.

शॉकअप खोलला, स्प्रिंगचा गंज काढला, ग्रीस भरलं. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागं-पुढं हलवली, फार खेळ नाही, चालेल.

चेन, फ्रीव्हील, दोन टायर, दोन ट्यूब, ब्रेकची रबरं, सगळ्या तारा, पायडलच्या पेटीचं बेअरिंग, अ‍ॅक्सल-कोन-छर्रे आणि चाचांची मजुरी धरून ३,६८० रुपये झाले. फसलेला टायर आणि पाना वेगळे. नव्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. करकपातीचं म्हणाल तर पूर्वीच्या पंधरा हजारांच्या सायकलीमागं साधारण साडेनऊशे रुपये वाचतात, ते ज्याला नवी घ्यायचीच आहे त्यानं जरूर वाचवावेत. पण सायकलींच्या सुट्या भागांवरचा करही त्याच दिवशी १२ चा ५ झाला, हे दुकानात कुणी सांगत नाही. आणि चौदा हजारांच्या ज्या दोन सायकली मी बघितल्या त्यांच्या मागच्या चाकात तोच आट्यांचा सात चकत्यांचा फ्रीव्हील होता.

घाटाच्या सायकलीचा जन्मच दुरुस्तीतून झाला, हे मला या निमित्तानं वाचायला मिळालं. अमेरिकेत कॅलिफोर्नियात मरिन काउंटी म्हणून डोंगराळ भाग आहे. तिथल्या तरुणांनी १९३०-४० च्या काळातल्या जाड टायरच्या, टाकून दिलेल्या जड सायकली गोळा केल्या, मडगार्ड काढून टाकले, मोडलं ते बदललं आणि डोंगरावरून उतरवायला सुरुवात केली. ऑक्टोबर १९७६ मध्ये त्यांनी उताराची पहिली शर्यत लावली. पायडल उलटं मारून लागणारा ब्रेक त्या सायकलींच्या मागच्या हबमध्येच असे. उतार संपेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि दर वेळी नवं ग्रीस भरावं लागायचं. त्या उताराचं नावच ‘रीपॅक’ पडलं, म्हणजे पुन्हा भरणं. जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी नवी फ्रेम बांधली ती त्यानंतर, १९७७ मध्ये. भरणं हा माझा धंदा, त्यामुळं हे वाचून मला फार आनंद झाला.

आता दुसरी सायकल. माझी भाची केजला असते, कॉलेजला रोज सहा किलोमीटर जाते. तिची सायकल जेमतेम पाच वर्षांची, हलकी, रंग चकचकीत. चढाला पुढून कट-कट वाजते म्हणून दाजी ती टेम्पोत घालून माझ्याकडं घेऊन आले. चाकं चांगली, चेन अर्धा सूतसुद्धा लांबलेली नाही. फ्रेमला लोहचुंबक लावलं, चिकटलं नाही, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. डिझेलनं पुसली आणि हँडलखालून खाली जाणाऱ्या जाड नळीच्या वरच्या टोकाशी, जोडाच्या अगदी कडेला, अंगठ्याच्या नखाएवढी रेघ दिसली. पुढचा ब्रेक दाबून हँडल ढकललं तर ती रेघ उघडायची आणि मिटायची.

वेल्डिंगवाला म्हणाला, आर्गननं तीनशेत भरून देतो. तीनशे रुपये आणि सायकल चालू. पण मी नाही म्हणालो. लोखंडाच्या नळीला तडा गेला तर जाणता माणूस पितळेनं झाळून ती पुष्कळदा वाचवू शकतो. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम कारखान्यात जोडल्यावर भट्टीत तापवून तिला ताकद आणतात. नुसतं वेल्डिंग केलं की त्या आचेनं शेजारचा धातू मऊ पडतो आणि पुढचा तडा भरलेल्या जागेच्या बाजूला जातो. लोखंड बऱ्याचदा आधी वाकून सावध करतं, याचा तसा भरवसा नाही. आणि ही जागा हँडलखालची. उतारावर तुटली तर लेकरू तोंडावर पडणार.

दाजींना पटेना. “तुझी तेरा वर्षांची दुरुस्त करतोस अन् माझ्या लेकीची पाच वर्षांची फेकायला लावतोस?” मी त्यांना शेडमध्ये नेलं आणि घासलेलं स्टॅम्पिंग दाखवलं. मग विचारलं, बिल आहे का? काही कंपन्या फ्रेमची हमी जास्त वर्षांची देतात. बिल सापडलं नाही. वाचकांना माझी विनंती आहे, सायकलीचं बिल जमिनीच्या कागदांबरोबर ठेवा.

नवी घेताना भाचीला दोनच गोष्टी सांगितल्या. पुढं स्वस्तातला शॉकअप नको, साधा चिमटा बरा, वजन कमी आणि बिघडायला काही नाही. आणि ब्रेक डिस्कचे घे. तिच्या वाटेत दीड किलोमीटर काळी माती आहे. पावसाळ्यात ती चाकाला चिकटून रबरी ब्रेकमध्ये अडकते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. हे जुन्या सायकलीत कितीही पैसे घातले तरी सुटणारं नव्हतं. तिथं नवीच बरोबर, आणि तसं म्हणायला मला काही वाटत नाही.

माझं मागणं दोन ठिकाणी आहे. दुकानदारांनी टायर देताना कडेचा आकडा वाचून द्यावा आणि ५५९ चे टायर, सात चकत्यांचे फ्रीव्हील, चेन एवढं तरी ठेवावं. आणि तालुक्यांच्या आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना आठ दिवस सायकल खोलायला द्यावी. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, फार चांगली गोष्ट आहे. पण कोन सैल झाला म्हणून मुलीची सायकल ओसरीला उभी आणि मुलगी पायी, हे मी आमच्याच वाड्या-वस्त्यांवर बघितलं आहे. ते काम अर्ध्या तासाचं असतं. ते करणारा माणूस गावात लागतो. चाचा आता सत्तरीच्या पुढं आहेत.

दर शुक्रवारी नमाजनंतर ते माझ्या शेडमध्ये बसतात. परवा चार गेअरच्या सायकली आल्या होत्या, तीन चालू झाल्या. भाचीच्या जुन्या सायकलीची चाकं, ब्रेक, चेन आणि सीट मी काढून भिंतीला टांगली आहेत, २७.५ वाल्या कुणा विद्यार्थ्याला लागली तर त्यानं घेऊन जावीत, पैसे नकोत. फ्रेम मात्र भंगारात देण्याआधी मी व्हाइसमध्ये धरून हॅक्सॉनं मधोमध कापली, म्हणजे कुणी तिला आर्गन मारून, रंग देऊन दुसऱ्या एखाद्या लेकराला विकणार नाही.

कळावे,
आपला,
मोटार भरणारा एक वाचक
अंबाजोगाई, जि. बीड